उतरताना बघणाऱ्या बाई

बाईंनी माझा चेहरा नीट बघितला तो ओळख होऊन महिना उलटल्यावर. तोवर त्या माझ्याशी बोलायच्या ते माझ्या बुटांकडे बघून. कतारमध्ये, दोह्यात नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी नव्या माणसांना सेफ्टीच्या वर्गात बसवलं होतं. समोर एक ठेंगणी, सावळी बाई उभी. डोक्यावर पांढरं हेल्मेट, मानेवर घट्ट अंबाडा. तिनं माझ्या पायांकडे बघितलं आणि सरळ मराठीत म्हणाली, "पुण्याचे ना? उजव्या बुटाची टाच बाहेरून झिजलीय. जिना उतरताना घाई करता तुम्ही." आपण पुण्याचे आहोत हे बुटावरूनसुद्धा कळतं की काय, अशी मला धास्तीच बसली. पुणं त्यांनी माझ्या कागदांवर वाचलं होतं, हे मागाहून कळलं. घाई मात्र खरोखरच बुटावरून ओळखली होती.

आमच्या कंपनीकडे एका स्टेडियमच्या छताचं काम होतं. वर्ल्ड कप जवळ येत चालला होता आणि अख्खं शहर खणून ठेवलेलं होतं. काल ज्या रस्त्यानं ऑफिसला गेलो तो आज जागेवर असेलच याची खात्री नसायची. मी प्लॅनिंगवाला. म्हणजे कुठलं काम कधी संपणार हे छातीठोकपणे सांगायचं, आणि ते तेव्हा संपलं नाही की का संपलं नाही हेही तितक्याच छातीठोकपणे सांगायचं, ही माझी नोकरी. बाई सेफ्टी ऑफिसर. उंचावर गेलेला माणूस धडपणे खाली यावा ही त्यांची नोकरी. आमचं जमणं शक्यच नव्हतं. मी दिवस वाचवायला बसलेलो आणि बाई कुठल्याही क्षणी शिट्टी फुंकून माझा दिवस पाण्यात घालवायला टपलेल्या.

त्यांना बाई म्हणायला सुरुवात केली ती बिरकत अल अवामेरच्या कामगार-कॅम्पमधून येणाऱ्या मराठी पोरांनी. सातारा, सांगली, बीडकडची ही पोरं. रोज सकाळी उन्हात रांगेत उभं करून जी बाई प्रश्न विचारते, उत्तर चुकलं की पुन्हा विचारते आणि नखं बघते, तिला शाळेत जे म्हणायचे तेच त्यांनी इथं म्हटलं. त्यांचं ऐकून नेपाळी म्हणायला लागले, मग बंगाली. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर स्कॉटलंडचा होता. त्याला वाटलं, बाई हा काहीतरी मोठा हुद्दा आहे. तो मेलमध्ये गंभीरपणे लिहायचा, 'या कामाला बाईंची परवानगी घ्यावी.' ही चूक कुणीही दुरुस्त केली नाही. माझ्या मते ती चूक नव्हतीच.

साइटवरची ही बाई घरी गेल्यावर तरी सुटी घेत असेल, अशी माझी समजूत होती. ती इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत संपली. हॉलमध्ये आरास चालली होती. मंडळाचे एक उत्साही पदाधिकारी टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर स्टूल चढवून वर दिव्यांची माळ बांधत होते. बाई नऊवारी नेसून, हातात मोदकांचं ताट घेऊन आत आल्या. त्यांनी वर बघितलं, ताट माझ्या बायकोच्या हातात दिलं आणि पदराखालून शिट्टी काढून फुंकली. नऊवारीत शिट्टी कुठं ठेवली होती, हे कोडं माझ्या बायकोला अजून सुटलेलं नाही.

"काका, हलू नका. आहात तसे राहा," बाई म्हणाल्या.

"अहो वहिनी, झालंच, एक गाठ राहिलीय."

"गाठ राहू द्या. तुम्ही आधी खाली या."

त्यांची मुलगी, इथल्याच इंग्रजी शाळेतली, लाजून लाल झाली. "आई, प्लीज! इट्स जस्ट अ चेअर!"

"चेअर नाही बाळा, तिमजली इमारत आहे ती. आणि परवानगी नसलेली." बाईंनी चौघांना टेबल धरायला लावलं, काकांना एकेक पाय सांगत उतरवलं आणि मगच ताट परत घेतलं. आरतीला अर्धा तास उशीर झाला. पुढच्या वर्षी मंडळानं शिडी विकत आणली. बाईंनी तिचीही तपासणी केली आणि पहिल्यांदा नापास केली.

शहराच्या अल हिलाल भागात पहिल्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. कंपनी समुद्राकाठच्या उंच टॉवरमध्ये घर देत होती, खालून माणसं मुंगीएवढी दिसतील इतक्या वर. बाईंनी ते नाकारलं. त्यांचे यजमान शांत गृहस्थ होते. एकदा चहा पिता पिता मला म्हणाले, "समुद्र दिसला असता हो. पण रोज लिफ्ट बंद पडली तर काय, याचा सराव कोण करणार?" मी हसलो. ते हसले नाहीत. पहिल्या मजल्यावरूनसुद्धा त्यांना दर महिन्याला सराव करावा लागत होता.

आणखी एक होतं. वर गेलेल्या माणसाचं बाई कधी कौतुक करायच्या नाहीत. एखादं अवघड काम वर फत्ते झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, की बाईंचा चेहरा अधिकच आंबट व्हायचा. शेवटचा माणूस जमिनीवर आला की मग त्या हसायच्या. सकाळच्या वर्गात त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "वर जायचं ते कंपनीसाठी. खाली यायचं ते घरच्यांसाठी. कंपनीचं काम झालं म्हणून घरचं काम विसरायचं नाही." हे त्या मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगायच्या. मराठीतलं ऐकताना पोरं खाली बघायची.

हे सगळं कुठून आलं, ते मी एकदा विचारलं. बाई अकोल्याकडच्या. विदर्भातलं अकोला नव्हे, नगर जिल्ह्यातलं अकोले, डोंगरातलं. त्यांची आई सुटीच्या दिवशी गडाच्या अर्ध्या वाटेवर ताक आणि लिंबूसरबत विकायची. लहानपणी या तिच्याजवळ बसायच्या आणि येणारीजाणारी शहरातली माणसं बघायच्या. "चढताना सगळे शूर असतात हो," बाई म्हणाल्या. "दम लागतो, तेवढंच. माणूस कळतो उतरताना. आई नुसतं बघून सांगायची, हा आता बसणार, हा आता रडणार, आणि हा भ्यालाय पण मरेपर्यंत कबूल करणार नाही. त्या तिसऱ्याला ती हाक मारून फुकट ताक द्यायची. थांबायला निमित्त मिळायचं त्याला."

आता बाईंच्या टेकाडाबद्दल सांगायला हवं. कतारमध्ये डोंगर नाही. देशच्या देश पोळपाटासारखा सपाट. पश्चिमेला दुखानच्या रस्त्यानं गेलं की झिक्रीतच्या बाजूला वाऱ्यानं कोरलेल्या चुनखडीच्या टेकड्या लागतात. लोक तिकडे फोटो काढायला जातात. त्या टेकड्यांच्या अलीकडे, रस्ता सोडून बरंच आत, एक टेकाड एकटंच उभं आहे. उंची जेमतेम चार मजल्यांची. माथा सपाट, कडेला फुटलेला दगड, उतारावर निसटती खडी. त्याला नाव नाही आणि तिकडे कुणी फिरकत नाही. वर उभं राहिलं की एका बाजूला समुद्राची फिकट रेघ दिसते आणि बाकी तिन्ही बाजूंना काहीच नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणालो, "बाई, सिंहगडाच्या पायरीला लाज वाटेल याला डोंगर म्हटलं तर."

"चढून उतरता येतं ना? मग डोंगर," बाई म्हणाल्या.

थंडीच्या दिवसांत, सुटीच्या शुक्रवारी, त्या छतावर काम करणाऱ्या नव्या पोरांना तिथं घेऊन जायच्या. कंपनीची बस, घरून आणलेले पोहे, चहाचे थर्मास. पोरांच्या लेखी ती सहल. कॅम्पमध्ये सुटीचा दिवस कपडे धुण्यात आणि फोनवर जायचा, त्यापेक्षा हे बरं. मला त्यांनी ओढलं ते माझी गाडी मोठी आहे आणि शुक्रवारी मी नुसता लोळतो, असं माझ्या बायकोनं त्यांना सांगितल्यामुळे. वर चढायच्या आधी आमची पोरं वाकून मातीला हात लावायची आणि तो कपाळाला न्यायची, गडावर जाताना करतात तसं. ते बघून नेपाळी पोरंही करायला लागली. वर जरा टिवल्याबावल्या व्हायच्या, फोटो व्हायचे, घरी व्हिडिओ कॉल लागायचे. मग बाई सगळ्यांच्या आधी खाली उतरायच्या, वळायच्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचे पाय बघायच्या.

यात काय आहे, हे कळायला मला दोन सहली लागल्या. उंचीची भीती असलेला माणूस ती कधी सांगत नाही. छतावरच्या कामासाठी म्हणून जो इतक्या लांब आला, तो कुठल्या तोंडानं सांगणार? डॉक्टरच्या तपासणीत ती दिसत नाही आणि वर्गात विचारलं तर सगळेच छाती पुढे काढतात. पण निसटत्या उतारावर पाय खोटं बोलत नाहीत. कुणी उगाच मोठ्यानं हसायला लागतो, कुणी एकदम गप्प होतो, कुणी बसून बसून घसरत येतो आणि म्हणतो, मजा येते अशी. बाई सगळं बघायच्या आणि पोहे वाढायच्या. रविवारी आठवडा सुरू झाला की त्यातल्या एखाद्याची नेमणूक बदललेली असायची. वर नाही, खाली लोखंडाच्या कटिंगला. वर नाही, दोर आणि हूक तपासायला. हुद्दा तोच, माणसं तीच. "त्याचा हात फार बारकाईचा आहे, मला खाली हवाय," असं बाई इंजिनिअरला सांगायच्या. त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणी बारकाईचा म्हटलेलं असायचं, त्यामुळे तो खरोखरच बारकाईनं काम करायला लागायचा.

यातून एकच माणूस सुटलेला होता. तो म्हणजे आमचा मुकादम. पाटण खोऱ्यातला, पन्नाशी उलटलेला, वाळक्या अंगाचा माणूस. आखातातल्या निम्म्या उंच इमारतींवर हा उभा राहिलेला. छतावरची सगळी गँग त्याच्या शब्दावर चालायची. तो वर असला की पोरं बिनधास्त असायची. बाईंनी त्याला एकदा टेकाडावर बोलावलं तेव्हा मिशीत हसून म्हणाला होता, "मला डोंगर कसला दावताय बाई? आमचा जलमच डोंगरातला." बाईंनीही आग्रह केला नाही.

मग तो महिन्याभराच्या रजेवर गावी जाऊन आला. आणि आल्यापासून बाई अस्वस्थ दिसायला लागल्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "मुकादम फार नियमानं वागायला लागलाय."

मला वाटलं थट्टा करतायत. "अहो, तुमचंच तर स्वप्न हे!"

"तसं नाही. सेफ्टीच्या पट्ट्याचे दोन्ही हूक लावतो. पट्टा तीनदा ओढून बघतो. शिडीवर पाय ठेवायच्या आधी बूट पुन्हा बांधतो. पोरांना म्हणतो, माझ्यासारखं करा. इंजिनिअर त्याचे फोटो काढून सगळ्यांना पाठवतात, आदर्श म्हणून." बाईंनी मान हलवली. "इतकी वर्षं एका हुकावर वावरलेला माणूस दुसऱ्या हुकाला असा धरत नाही हो. तो हूक नाही लावत. तो लोंबकळतोय त्याला."

नियम पाळणाऱ्या माणसाची काळजी करणारी सेफ्टी ऑफिसर जगात ही एकच असेल. त्या शुक्रवारी त्यांनी मुकादमाला बसमध्ये बसवलंच. म्हणाल्या, "नवी पोरं आहेत, तुमच्याशिवाय ऐकणार नाहीत." तेव्हा त्याला नाही म्हणता येईना.

चढताना तो सगळ्यांच्या पुढे होता. वर पोरांना त्यानं चार गोष्टी सांगितल्या, हसवलं. पोरं उतरली. बाई खाली उभ्या होत्या, मी त्यांच्या शेजारी चहा ओतत होतो. मुकादम निम्म्या उतारावर आला आणि थांबला. हळूच वळला, तोंड दगडाकडे केलं आणि दोन्ही तळवे दगडावर टेकले. एखादा माणूस भिंतीला टेकून विसावा घेतो तसंच दिसत होतं. पण त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या, त्या मला एवढ्या लांबूनही दिसल्या.

बाईंनी क्षणही घालवला नाही. मोठ्यानं ओरडल्या, "मुकादम, तिथंच थांबा हो! वरून आपली बस दिसते का बघायचंय मला. मी येते!" मग पोरांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सगळे त्या बाजूला जा. लोकांनी प्लास्टिक टाकलंय, एक पिशवी सोडायची नाही. यल्ला, चला!" पोरं गेली. त्या उजाड जागी प्लास्टिक फारसं नव्हतं, त्यामुळे शोधायला त्यांना चांगला वेळ लागला.

बाई वर गेल्या. मी मागोमाग गेलो, थोडा खाली थांबलो. बाईंनी त्याचा हात धरला नाही. त्याच्या खालच्या बाजूला एका दगडावर बसल्या, जशा काही गप्पा मारायला आल्या आहेत.

"बाई," मुकादम दगडाकडेच तोंड करून म्हणाला, "गावाकडं घराचा स्लॅब टाकलाय. पानी मारायला वर चढलो. एक मजला हो, जास्त न्हाय. खाली नातू हुबा ऱ्हायला, वर बघत. म्या खाली बघितलं आन् पाय गेलं. काय बी कारन न्हाय. पडलो न्हाय, लागलं न्हाय. नुसतं पाय गेलं, ते अजून आलं न्हाईत."

"येतील," बाई म्हणाल्या.

"पुढच्या आठवड्यात छताचा शेवटचा तुकडा चढतोय. तेवढं एक होऊंद्या. मग म्या सोताच गावी जातो."

"वर तुम्ही जायचं नाही."

मुकादमानं पहिल्यांदा मान वळवली. डोळे भरले होते. "मग लोकांस्नी काय सांगनार? मुकादम भ्याला? बाई, आमच्यात एकदा नाव गेलं की खलास. उभ्या जन्मात दुसरं कमावलंय काय म्या?"

"नाव जाणार नाही," बाई म्हणाल्या. "ते माझ्याकडे लागलं. आता हळू वळा आणि माझ्या बुटाकडे बघा. मी जिथून पाय उचलीन तिथं तुमचा टाका. दुसरीकडे बघायचं नाही." आणि त्या त्याच्या एक पाऊल खाली, पाठ उताराकडे आणि तोंड त्याच्याकडे करून, उलट्या पावलांनी उतरायला लागल्या. ज्या बाई मला जिन्याचा कठडा धरून उतरायला लावायच्या त्या निसटत्या खडीवरून उलट्या उतरत होत्या. मी कधी कुणाचा पटकन अभिमान बाळगणारा माणूस नाही. त्या दिवशी मात्र तिथं उभ्या उभ्या माझा ऊर भरून आला.

शेवटचा तुकडा म्हणजे छताचं तोंड मिटवणारा लोखंडी सांगाडा. तो क्रेननं वर जाणार, आणि मुकादम वर उभा राहून तो जागेवर बसवून घेणार, असं ठरलेलं होतं. ते वेळापत्रक मीच केलेलं. बैठकीत बाई म्हणाल्या, "मुकादम वर जाणार नाही. खाली राहील."

स्कॉटिश साहेबानं चष्मा काढला. "कारण?"

"आहे. सांगणार नाही."

साहेब भला माणूस होता, पण वर्ल्ड कप त्याच्या मानगुटीवर बसलेला होता. तो म्हणाला, सगळ्यात अवघड कामाला सगळ्यात चांगला माणूस खाली ठेवायचा, तर त्याला कारण लागेल. बाई म्हणाल्या, कारण मागणार असाल तर कामाच्या परवान्यावर माझी सही होणार नाही, आणि सही हवीच असेल तर दुसरी सेफ्टी ऑफिसर बघा. हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की टेबलाभोवती सगळे आपापल्या कागदांत तोंडं घालून बसले. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, घरच्या सगळ्यांचा व्हिसा बाईंच्या नोकरीवर होता. हे मला माहीत होतं आणि साहेबालाही माहीत होतं.

"उद्या दुपारनंतर वेळ काढा," बाई साहेबाला म्हणाल्या. "तुम्हाला माझा डोंगर दाखवते."

गाडी मीच चालवली. टेकाड दिसल्यावर साहेब अगदी माझ्यासारखाच म्हणाला, "याला तुम्ही डोंगर म्हणता?" पण चढायला लागला तसा बदलला. हात पाठीशी बांधून, न बोलता, सावकाश चालत राहिला, जणू पायांना काहीतरी जुनं आठवलं होतं. माथ्यावर बराच वेळ वाऱ्यात उभा राहिला. मग म्हणाला, आमच्या गावामागे अशीच एक टेकडी आहे. लोक जवळच्या प्रसिद्ध डोंगरावर जातात, तिथं गाड्या लावायला जागा मिळत नाही. आमच्या टेकडीवर फक्त मेंढ्या, ओलं गवत आणि दगडी कुंपण. दिवसभर चाललात तरी माणूस भेटत नाही. वर दगडांची एक रास आहे, येणारा प्रत्येक जण तिच्यावर एक दगड ठेवतो. असं म्हणून त्यानं एक दगड उचलला आणि कड्याच्या टोकाला ठेवला.

"तिथं नको," बाई म्हणाल्या. "खाली कुणी असलं तर डोक्यात पडेल. आत ठेवा."

साहेबानं निमूटपणे दगड उचलून आत ठेवला.

मग बाई नेहमीसारख्या आधी उतरल्या आणि खाली वळून उभ्या राहिल्या. साहेब निम्म्यावर आला आणि त्याला ते दिसलं: बाई कुठं बघताहेत ते. तो थांबला. त्यानं आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग बाईंकडे.

"तर हे यासाठी आहे," तो म्हणाला.

साहेब खाली आला आणि म्हणाला, "टेकडीवरून उतरताना माझे वडील नेहमी माझ्या खालच्या बाजूनं चालायचे. मला वाटायचं, त्यांना घरी जायची घाई असते." कोण भ्यालाय, त्याचं नाव त्यानं विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. बदल एकाच माणसाचा मागितलेला होता. परतीच्या वाटेवर तो गाडीत एवढंच म्हणाला, "बाई, मी पास झालो का?" बाई म्हणाल्या, "डावा गुडघा दाखवून घ्या."

दुसऱ्या दिवशी साहेबानं स्वतःच जाहीर केलं. या कामाला जमिनीवरून पूर्ण चित्र बघणारा सगळ्यात अनुभवी डोळा त्याला हवा आहे. वरची माणसं, क्रेनवाला, सगळे त्या एकाच माणसाच्या आवाजावर चालतील. तो माणूस मुकादम. पोरांना वाटलं, मुकादमाला बढती मिळाली. एकानं तर पेढ्यांची मागणी केली.

त्या दिवशी पहाटेपासून वारा पडलेला होता. मुकादम मैदानाच्या मधोमध वॉकीटॉकी घेऊन उभा, मान वर. सांगाडा उचलला गेला तेव्हा ऐकू येत होता तो फक्त मुकादमाचा आवाज, मराठी आणि हिंदी एकमेकांत मिसळलेला. "आस्ते... आस्ते... डावा हात ढीला... रुको... आता येऊंदे... येऊंदे रे माज्या राजा..." तो लोखंडाशी बोलत होता की पोरांशी, कोण जाणे. सांगाडा जागेवर बसला. वर टाळ्या, शिट्ट्या. खाली साहेबानं माझा हात इतका हलवला की खांदा दुखला. बाई तेवढ्या शिडीच्या पायथ्याशी आंबट चेहऱ्यानं उभ्या होत्या. शेवटचा पोरगा जमिनीवर आला, तेव्हा हसल्या.

आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं. पोरं धावत मुकादमाकडे गेली आणि, कुस्ती मारलेल्या पैलवानाला उचलतात तसं, त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं दोन्ही हातांनी खालच्या पोरांची डोकी गच्च धरली. हसत होता, पण ते हसू बघवत नव्हतं. मला वाटलं, आता बाई शिट्टी फुंकणार. आणि शिट्टी वाजली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, का?

बाईंनी शिट्टी खिशात टाकली. गर्दीत घुसल्या, त्याच्या समोर गेल्या आणि दोन्ही हात वर करून त्याचे दोन्ही बूट धरले. पोरं हसली. बाई म्हणजे काय, खांद्यावरच्या माणसालासुद्धा सेफ्टी! बाईही त्यांच्याबरोबर हसल्या, पण बूट सोडले नाहीत. पोरं नाचत मैदानभर फिरली आणि बाई त्यांच्यासमोर तशाच, हात वर करून, उलट्या पावलांनी चालत राहिल्या. हळूहळू मुकादमाच्या चेहऱ्यावर रंग आला. एका फेरीनंतर त्यानं एक हात सुटा केला आणि टोपी काढून हवेत हलवली.

छत वेळेवर झालं. पुढं काय झालं ते सगळ्या जगानं टीव्हीवर बघितलं. मुकादम शेवटपर्यंत खालून काम बघत राहिला, मग मानानं गावी गेला. बाई आता नाशकात असतात आणि त्यांच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर चढायची कुणाची हिंमत नाही. स्टेडियमबद्दल लोक मला काय काय विचारतात: किती लोखंड, कोणती क्रेन, कुणाचं डिझाइन. मी सांगतो. पण जे सांगावंसं वाटतं ते सांगता येत नव्हतं, कारण ते दुसऱ्याचं गुपित होतं.

म्हणून हे लिहायला घेण्याआधी मी पाटणला फोन लावला. म्हटलं, मुकादम, बाईंबद्दल लिहितोय. टेकाडावरचं तेवढं गाळतो. नाहीतर असं करतो, दुसराच कुणीतरी होता म्हणून लिहितो. तुमच्या नावाला धक्का नको.

फोनवर मागं कुठंतरी पोराचा आवाज येत होता.

"गाळू नगा," मुकादम म्हणाला. "मुकादम भ्याला हुता, असं चांगलं मोठ्या अक्षरात लिवा. म्या भ्यालो हेच लिवलं न्हाय, तर बाईंनी काय केलं ते लोकांस्नी कळनार कसं?"